२,२८१ पेपर, दोन स्क्रीनर आणि कप्पा ०.५६. पुढे कसं जावं?

नेरूळ_पीजी

नमस्कार. टीबीच्या रुग्णांनी गोळ्या नियमित घ्याव्यात म्हणून वापरली जाणारी डिजिटल साधनं (९९डॉट्सवर फोन करून डोस कळवणं, व्हिडिओवर डोस दाखवणं, इलेक्ट्रॉनिक गोळ्यांची पेटी, एसएमएस) खरंच उपयोगी पडतात का, यावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (विषयावरचे सगळे अभ्यास शोधून तपासणं) चालू आहे. प्रोटोकॉल प्रॉस्पेरोवर (रिव्ह्यूंची नोंदणी होते ती साइट) नोंदवलाय. सर्च पूर्ण: पबमेड ८१२, एम्बेस १,१४६, सेंट्रल (कॉक्रेनचा चाचण्यांचा संग्रह) ३९१, स्कोपस १,०६७. एकूण ३,४१६. रय्यान या स्क्रीनिंगच्या ॲपमध्ये डुप्लिकेट काढल्यावर उरले २,२८१.

पहिले १०० रेकॉर्ड दोघांनी ब्लाइंड मोडमध्ये वेगवेगळे तपासले. दोघांनीही घेतलेले ६, फक्त मी घेतलेले ५, फक्त सहकाऱ्याने घेतलेले ३, दोघांनीही नाकारलेले ८६. कप्पा (योगायोग वजा करून दोघांच्या एकमताचं माप) आला ०.५६. गाइड म्हणतात ०.८ च्या खाली असेल तर पुढे जायचं नाही.

प्रोटोकॉलमधला निकष असा आहे: "सक्रिय टीबीचे रुग्ण, डिजिटल ॲडहिअरन्स तंत्रज्ञान, तुलना नेहमीच्या उपचाराशी किंवा डॉटशी, उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण, यादृच्छिक चाचण्या." (डॉट म्हणजे आरोग्यसेवकासमोर गोळी घेणं, यादृच्छिक म्हणजे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले.)

अडचणी:
१. कप्पा ०.८ होईपर्यंत पायलटच करत बसायचं का?
२. ४१२ रेकॉर्डना ॲबस्ट्रॅक्टच (सारांश) नाही. नुसत्या शीर्षकावरून निर्णय घ्यायचा?
३. आम्ही दोघं नेरूळला, तिसरे सर ठाण्याला. प्रत्यक्ष भेट फक्त शनिवारी दुपारी. सहा आठवड्यांत संपेल का?
४. एआयला लावलं तर चालेल का?

---

ग्रंथालय_खिडकी

आधी दुसरा प्रश्न, कारण तो सुटला नाही तर बाकीचं सगळं परत करावं लागेल.

४१२ रेकॉर्डना ॲबस्ट्रॅक्ट नाही, हे टीबीच्या विषयात फार जास्त आहे. त्यातले किती स्कोपसमधून आलेत ते बघा. स्कोपसमधून एक्स्पोर्ट करताना फक्त 'सायटेशन माहिती'वर आधीच खूण असते. ॲबस्ट्रॅक्टच्या चौकटीवर ती आपण करावी लागते. घाईत राहून जाते आणि हजारभर रेकॉर्ड नुसत्या शीर्षकासह उतरतात. वेब ऑफ सायन्समध्येही तसंच. तिथे 'लेखक, शीर्षक, स्रोत' आणि 'लेखक, शीर्षक, स्रोत, ॲबस्ट्रॅक्ट' असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात, शिवाय एका वेळी १,००० च रेकॉर्ड उतरतात. पबमेडची मर्यादा १०,००० ची आहे, तिथे तुम्हाला अडचण नाही.

आता खरी गोम. एकच पेपर पबमेडमधून ॲबस्ट्रॅक्टसह आणि स्कोपसमधून ॲबस्ट्रॅक्टशिवाय आला, आणि डुप्लिकेट काढताना पबमेडची प्रत उडवून स्कोपसची ठेवली, तर चांगला रेकॉर्ड गेला आणि पोकळ उरला. तुमच्या ४१२ मध्ये असे बरेच असणार.

दुरुस्ती अशी:

१. रय्यानमधून पायलटचे निर्णय सीएसव्हीत उतरवून ठेवा. नोट्सच्या रकान्यात कोणी काय ठरवलं ते येतं.
२. स्कोपसवर तोच सर्च परत चालवा, ॲबस्ट्रॅक्ट आणि डीओआयवर (पेपरचा ओळखक्रमांक) खूण करून आरआयएस फाइल घ्या. आजची तारीख आणि आजचा आकडा लिहून ठेवा. तो १,०६७ पेक्षा थोडा जास्त येईल, तर प्रिझ्माच्या आकृतीत (किती रेकॉर्ड आले, किती गळले हे दाखवणारी) नवा आकडाच जाईल.
३. चारही मूळ फाइली न उघडता एका फोल्डरमध्ये ठेवा, नावात डेटाबेस, तारीख, संख्या. त्यांना परत हात लावायचा नाही.
४. नव्या प्रोजेक्टमध्ये आधी पबमेड, मग एम्बेस, मग सेंट्रल (रेल्वे नव्हे, कॉक्रेनचं), शेवटी स्कोपस असं टाका. प्रत ठेवायची तर याच क्रमाने पहिली ठेवायची.

डुप्लिकेट काढताना आपोआप मिटवण्याचं बटण फक्त डीओआय आणि शीर्षक दोन्ही जुळतात तिथेच वापरा. पान क्रमांकावर भिस्त ठेवू नका. पबमेड १२३-९ असं आखूड लिहितं, एम्बेस १२३-१२९ असं पूर्ण. जर्नलचं नाव एकीकडे संक्षिप्त, दुसरीकडे संपूर्ण. याउलट शीर्षक अगदी सारखं असूनही रेकॉर्ड वेगळे असू शकतात: एम्बेसमध्ये परिषदांचे ॲबस्ट्रॅक्ट भरपूर असतात, आणि परिषदेत मांडलेलं काम दोन वर्षांनी त्याच शीर्षकाने जर्नलमध्ये येतं. ते डुप्लिकेट नाही, एकाच अभ्यासाचे दोन रिपोर्ट आहेत. वर्ष आणि जर्नल वेगळं दिसलं की थांबा.

सेंट्रलमध्ये पबमेड आणि एम्बेसमधून घेतलेले रेकॉर्ड असतात, त्याशिवाय चाचण्यांच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीही. त्यामुळे तिथले बहुतेक गळतील आणि उरतील त्यात रजिस्ट्रीच्या नोंदी जास्त असतील. सीटीआरआयचा (भारतातली चाचण्यांची रजिस्ट्री) क्रमांक असलेल्या नोंदी डुप्लिकेट समजून काढू नका. चाचणी झाली पण निकाल छापलाच नाही, हे त्यांच्यामुळेच कळतं.

---

अंशछेद

कप्पाबद्दल. गाइडचा आग्रह चुकीचा नाही, पण आकडा काय सांगतोय ते बघा.

तुमचं प्रत्यक्ष एकमत ९२ टक्के. तुम्ही ११ टक्के घेतले, सहकाऱ्याने ९ टक्के. नुसत्या योगायोगाने जुळण्याची अपेक्षा ०.११ × ०.०९ + ०.८९ × ०.९१ = ०.८१९८. म्हणून कप्पा = (०.९२ − ०.८१९८) ÷ (१ − ०.८१९८) = ०.५६. नाकारण्यासारखेच रेकॉर्ड जिथे बहुसंख्य असतात, तिथे योगायोगाचं एकमत मुळातच मोठं धरलं जातं आणि कप्पा खाली येतो. स्क्रीनिंगमध्ये हे नेहमीचंच.

दुसरं, १०० रेकॉर्डवर या कप्पाचा ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा) साधारण ०.२६ ते ०.८५. म्हणजे तुमचं खरं एकमत गाइडच्या ०.८ ला पोचणारं असू शकतं आणि अगदी वाईटही असू शकतं. एवढ्या नमुन्यावर ०.५६ की ०.८ हा वाद घालण्यात अर्थ नाही.

नाकारण्यासारखे बहुसंख्य असल्याचा हा परिणाम काढून टाकणारा पीएबीएके (कप्पाचाच दुरुस्त प्रकार) काढलात तर २ × ०.९२ − १ = ०.८४. हा आकडा गाइडना दाखवून सुटका करून घ्यायचा मोह होईल. करू नका. ११ आणि ९ पैकी फक्त ६ समान आहेत, म्हणजे 'घ्यायचं काय' यावर तुमचं पटत नाहीये, आणि पीएबीएके नेमकं तेच झाकतो. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या तक्त्यात ०.४१ ते ०.६० 'मध्यम' आहे, पण त्या रेषा मनाने ओढलेल्या आहेत असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

करायचं ते इतकंच: ज्या ८ रेकॉर्डवर फाटलं ते समोर घ्या, प्रत्येकाचं कारण एका ओळीत लिहा, निकष दुरुस्त करा आणि नवे १०० घ्या. नवे म्हणजे नवेच. जुन्या शंभरावर परत कप्पा काढला तर तो चांगलाच येणार, उत्तरं आधीच ठाऊक आहेत.

आणि 'पहिले १००' घेऊ नका. ते आयातीच्या क्रमाने किंवा वर्षाने लावलेले असतात, त्यामुळे एकाच डेटाबेसचे किंवा एकाच काळातले पडतात. एक्सेलमध्ये रँड() चा रकाना टाकून क्रम लावा आणि वरचे १०० उचला.

---

पामबीच_०७

एवढा खटाटोप कशाला? टायटल-ॲबस्ट्रॅक्ट एकाने करायचं, दुसऱ्याने १० टक्के तपासायचे. बरेच जण असंच करतात.

---

अंशछेद

@पामबीच_०७ करतात, आणि रॅपिड रिव्ह्यूत तसं जाहीर करून करणं मान्यही आहे. पण २०२० साली याच प्रश्नावर यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली आहे. एकाच व्यक्तीने ॲबस्ट्रॅक्ट तपासले तेव्हा घ्यायला हवे होते त्यातले १३ टक्के अभ्यास सुटले, दोघांनी तपासले तेव्हा ३ टक्के. तुमच्या रिव्ह्यूत शेवटी पंधरा-वीस चाचण्या उरणार असतील तर १३ टक्के म्हणजे दोन-तीन चाचण्या. त्यातली एखादी मोठी निघाली तर फॉरेस्ट प्लॉटचा हिरा (सगळ्या चाचण्यांचा एकत्रित निकाल) सरकतो.

---

नेरूळ_पीजी

ग्रंथालय_खिडकी, तुमचा अंदाज बरोबर निघाला. ४१२ पैकी ३६७ स्कोपसचेच. परत एक्स्पोर्ट करतोय.

फाटलेले आठ असे:
– तीन पेपर प्रतिबंधात्मक उपचारावरचे (टीबी झालेला नाही, पण होऊ नये म्हणून गोळ्या)
– दोन पेपर ज्यांच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये 'उपचार यशस्वी' हा निकाल नाही, फक्त डोसची टक्केवारी आहे
– एक चाचणीचा प्रोटोकॉल
– एक 'स्टेप्ड-वेज' रचनेचा
– एक दुसऱ्यांनी केलेला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू

---

क्षयपत्र

ही यादी कप्पापेक्षा जास्त कामाची आहे. तुमच्या दोघांपैकी कोणीही निष्काळजी नाही. निकषाचं वाक्य पाच ठिकाणी ढिलं आहे, इतकंच. एकेक घेऊ.

प्रतिबंधात्मक उपचार: प्रोटोकॉलमध्ये 'सक्रिय टीबी' लिहिलंय, तर हे तिन्ही बाहेर. ३एचपी या प्रतिबंधात्मक उपचाराचे आठवड्याला एक असे १२ डोस एसएमएसवर किंवा व्हिडिओवर देण्याच्या चाचण्या आहेत आणि त्यांची शब्दरचना तुमच्या विषयाशी इतकी मिळतीजुळती असते की घाईत हात 'घ्या'कडेच जातो. निकषात स्पष्ट लिहा: "लेटंट (सुप्त) टीबी किंवा टीपीटी, आयपीटी, ३एचपी यांसारखा प्रतिबंधात्मक उपचार असेल तर नाही." पण ॲबस्ट्रॅक्टमध्ये नुसतं 'टीबी उपचार घेणारे' असेल आणि कोणता उपचार ते कळत नसेल तर पुढे जाऊ द्या.

निकाल: इथे तुमच्या निकषातच दोष आहे. निकालावरून ॲबस्ट्रॅक्टच्या टप्प्यावर कोणालाही नाकारू नका. लॅन्सेटमध्ये २०१९ ला आलेली इंग्लंडमधली व्हिडिओ-निरीक्षणाची चाचणी बघा. २२ क्लिनिक, २२६ रुग्ण. मुख्य निकाल होता पहिल्या दोन महिन्यांत ठरलेल्या निरीक्षणांपैकी किमान ८० टक्के पूर्ण झाली का. व्हिडिओ गटात ७० टक्के रुग्णांची झाली, डॉट गटात ३१ टक्के. 'उपचार यशस्वी' असा शब्द शोधत बसलात तर या विषयातली ही महत्त्वाची चाचणी पहिल्याच फेरीत जाईल. चीनमधली २०१५ ची चार गटांची क्लस्टर चाचणी (एकेक रुग्णाऐवजी अख्ख्या भागांचे गट पाडलेली) तशीच: तिथे मोजलंय ते २० टक्के किंवा जास्त डोस चुकलेल्या रुग्ण-महिन्यांचं प्रमाण. तुम्हाला हवा तो निकाल अनेकदा आत तक्त्यात किंवा पुरवणीत असतो. शिवाय निकाल मोजला पण छापला नाही, हीही माहितीच आहे. ती पक्षपात तपासताना लागते.

चाचणीचा प्रोटोकॉल: घ्या आणि 'प्रोटोकॉल' असं लेबल लावा. तो अभ्यास म्हणून मोजायचा नाही. नोंदणी क्रमांकावरून निकालाचा पेपर शोधायचा.

स्टेप्ड-वेज: केंद्रं कोणत्या क्रमाने नव्या पद्धतीकडे जातील हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं असेल तर ती यादृच्छिक चाचणीच. युगांडातली ९९डॉट्सची चाचणी याच रचनेची. क्रम सोयीने ठरवला असेल तर नाही. ॲबस्ट्रॅक्टवरून कळत नसेल तर पुढे जाऊ द्या. 'प्रॅगमॅटिक', 'कम्युनिटी इंटरव्हेन्शन ट्रायल' या शब्दांनाही हेच लागू.

दुसऱ्यांचा रिव्ह्यू: नाकारा, पण 'संदर्भयादी' असं लेबल लावून. शेवटी त्यांच्या यादीतल्या चाचण्या तुमच्याकडे आल्यात का ते ताडून बघायचं. एखादी आली नसेल तर आधी सर्च तपासा.

आता निकष वाक्यात न ठेवता प्रश्नांत लिहा, ठरावीक क्रमाने:

१. हा मूळ अभ्यास, त्याचा प्रोटोकॉल किंवा रजिस्ट्री नोंद आहे का?
२. माणसांमधल्या सक्रिय टीबीच्या उपचाराबद्दल आहे का?
३. रुग्णाने औषध घेतलं की नाही हे पाहणारं किंवा त्याची आठवण देणारं डिजिटल साधन आहे का?
४. तुलनेला दुसरा गट आहे का?
५. गट यादृच्छिक पाडलेत का?

उत्तरं तीनच: हो, नाही, कळत नाही. पहिल्या स्पष्ट 'नाही'ला थांबायचं आणि नाकारायचं. 'कळत नाही' कितीही असले तरी रेकॉर्ड पुढे जातो. रय्यानचा 'मेबी' वापरूच नका. एकाकडे तीस मेबी साठतात, दुसऱ्याकडे दोन, आणि मग त्याचं काय करायचं यावर नवा वाद.

तिसऱ्या प्रश्नात 'डिजिटल' शब्दाने फसू नका. छातीचा एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर डिजिटलच, पण ते निदानाचं. निक्षयमध्ये (सरकारचं टीबी पोर्टल) नुसती नोंद करणं म्हणजे ॲडहिअरन्सचं साधन नव्हे. आणि सर्चमध्ये 'डॉट' हा शब्द उघडा टाकला असेल तर डॉट-ब्लॉट आणि क्वांटम डॉटचे पेपर आले असतील. ते डोळे मिटून नाकारण्यासारखे. रय्यानमध्ये हे दोन शब्द नाकारण्याच्या यादीत टाका म्हणजे लाल दिसतील. हिरव्यात व्हीओटी, व्हीडॉट, व्हीएसटी (तिन्ही व्हिडिओवर डोस पाहण्याची नावं), ९९डॉट्स, पिलबॉक्स, एमईआरएम (आठवण देणारी गोळ्यांची पेटी), रिमाइंडर, असिंक्रोनस. रंग नजर वळवण्यापुरते. लाल शब्द दिसला म्हणून न वाचता नाकारायचं नाही, क्वांटम डॉटचा अपवाद सोडून.

भारतातल्या पेपरमध्ये राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाचं नाव २०२० च्या आधी आरएनटीसीपी, नंतर एनटीईपी. सर्चमध्ये दोन्ही आहेत ना ते बघा.

---

कळवा_फिजिओ

छोटी शंका: असा रिव्ह्यू करायला एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

---

क्षयपत्र

@कळवा_फिजिओ छापील माहितीवरचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तपासणीतून सूट मिळणाऱ्या प्रकारात येतो. पण सूट आहे हे कमिटीने लिहून द्यायचं असतं, आपण गृहीत धरायचं नसतं. एक पानी अर्ज करून पत्र घेऊन ठेवा. काही जर्नल नंतर मागतात.

---

दोनदा_वाचा

वेळेचं गणित मांडतो. सहा आठवडे टायटल-ॲबस्ट्रॅक्टला पुरतील, पण फुल टेक्स्टला कमी पडतील.

निकष पक्के झाल्यावर तासाला ८० रेकॉर्ड हा वेग धरा. २,२८१ म्हणजे प्रत्येकी साडेअठ्ठावीस तास. रोज दीड तास दिला तर १९ दिवस. सलग ५० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. थकवा आला की माणूस जास्त नाकारतो, आणि जास्त घेतो तेव्हा तरी पुढे चूक सापडते, नाकारलेलं कोणी परत उघडत नाही. ड्यूटीनंतर रात्री बसणार असाल तर ४० रेकॉर्डवर थांबा. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्याने मोबाइलवर स्क्रीनिंग करू नका. ॲबस्ट्रॅक्टची शेवटची ओळ स्क्रीनखाली राहते आणि रचना बहुतेक वेळा तिथेच किंवा पद्धतीच्या मधल्या ओळीत असते.

तुमच्या पायलटमध्ये कोणा एकाने तरी घेतलेले १४. याच दराने गेलात आणि 'एकाने घेतलं तरी पुढे' असा नियम ठेवलात तर ३१९ फुल टेक्स्ट. चर्चेनंतर आठ टक्के उरले तर १८० च्या आसपास. फुल टेक्स्टला प्रत्येकी १० मिनिटं धरली तर ३० तास, त्यात पीडीएफ मिळवण्याचा वेळ धरलेला नाही. म्हणून चर्चा करणं स्वस्त पडतं.

शनिवारची भेट सगळे रेकॉर्ड वाचायला वापरू नका. शुक्रवारी रात्री ब्लाइंड मोड बंद करून कॉन्फ्लिक्टची (जिथे दोघांचं फाटलं त्यांची) यादी काढा, लगेच परत सुरू करा. प्रत्येक कॉन्फ्लिक्टवर दोघांनी आपापलं कारण आधीच एका ओळीत लिहिलेलं असावं: 'प्रश्न २, नाही' किंवा 'प्रश्न ५, कळत नाही'. निम्मे कॉन्फ्लिक्ट तिथेच मिटतात, कारण एकाने ओळ वाचलेली नसते. उरलेले तिसऱ्या सरांकडे.

इथे एक जपा. गाइड किंवा वरिष्ठ तिसऱ्या जागी असतील तर कोणाचं मत काय हे त्यांना न सांगता फक्त दोन कारणं दाखवा. आपल्याकडे सरांचा कल कळला की पीजी दोन मिनिटांत आपलं मत मागे घेतो, आणि ज्या पेपरवर खरा वाद व्हायला हवा होता तो गप्प बसून निकाली निघतो.

पायलटनंतर निकष बदललात तर प्रॉस्पेरोवर दुरुस्ती नोंदवा, तारीख आणि कारणासह. निकाल बघण्याआधी बदललेला निकष ही दुरुस्ती, बघितल्यावर बदललेला निकष हा घोळ.

---

नेरूळ_पीजी

फार मदत झाली. एआयचं राहिलंच. आणि फुल टेक्स्ट नाकारताना कारणं कशी नोंदवायची? दोन-दोन कारणं लागू पडतात.

---

अंशछेद

एआयचे दोन वेगळे उपयोग आहेत, त्यांची गल्लत करू नका.

एक, क्रम लावणं. एएसरिव्ह्यू हे उट्रेक्ट विद्यापीठातून आलेलं मोफत साधन तुमच्या निर्णयांवरून शिकत जातं आणि घेण्याची शक्यता जास्त असलेले रेकॉर्ड वर आणतं. रय्यानमध्येही सुमारे ५० निर्णयांनंतर ताऱ्यांचं रेटिंग मिळतं. क्रम लावून सगळे २,२८१ वाचले तर काहीच धोका नाही, उलट फुल टेक्स्ट मागवायला लवकर सुरुवात होते. मध्येच थांबायचं असेल तर 'सलग इतके नाकारले की थांबू' हा नियम आधी लिहून ठेवावा लागतो, आणि तो कितपत सुरक्षित होता हे नंतर मांडावं लागतं. २० हजार रेकॉर्ड असतील तर हे करण्यात फायदा आहे. २,२८१ मध्ये वाचेल ते आठ-दहा तास, आणि तेवढा वेळ थांबण्याचा नियम समर्थनीय आहे हे लिहिण्यात जाईल.

दोन, चॅटबॉटला ॲबस्ट्रॅक्ट देऊन 'घ्या की नाकारा' विचारणं. दुसऱ्या स्क्रीनरच्या जागी ते बसवू नका. तोच ॲबस्ट्रॅक्ट दोनदा दिला तर उत्तर बदलू शकतं, आणि 'कळत नाही' असं म्हणायचं तिथे ते ठामपणे नाही म्हणतं. वापरलंच तर दोघांचे निर्णय झाल्यावर, दोघांनी नाकारलेल्यांवर तिसरी नजर म्हणून. त्याने उचललेले माणसाने परत वाचायचे. कोणतं मॉडेल, कोणती तारीख, कोणता प्रॉम्प्ट, हे पद्धतीच्या भागात जसंच्या तसं.

रेटिंगचे तारे मात्र पायलटमध्ये लपवा. दोघांनाही तेच तारे दिसले तर एकमत वाढतं, पण ते तुमचं नसतं.

---

ग्रंथालय_खिडकी

फुल टेक्स्टचं सांगते.

एका रिपोर्टला एकच कारण, आणि ते क्षयपत्र यांनी दिलेल्या प्रश्नांच्या क्रमात पहिलं 'नाही' येईल ते. रुग्णगट चुकीचा आणि रचनाही चुकीची असेल तर कारण रुग्णगट. क्रम न ठरवता दोघं स्क्रीनिंग करतात तेव्हा नाकारण्यावर एकमत असतं पण कारणांवर नसतं, आणि प्रिझ्माच्या आकृतीतली बेरीज जुळत नाही. टायटल-ॲबस्ट्रॅक्टच्या टप्प्यावर कारणं आकृतीत द्यावी लागत नाहीत, फुल टेक्स्टला द्यावीच लागतात. जे पेपर बसतील असं वाटलं पण बसले नाहीत, त्यांची कारणांसह यादीही प्रिझ्मा २०२० मागतं.

रेकॉर्ड, रिपोर्ट आणि अभ्यास हे तीन वेगळे शब्द आहेत आणि आकृतीत तिघांचे आकडे वेगळे. युगांडाच्या चाचणीचा प्रोटोकॉल, मुख्य निकाल आणि त्यासोबतचे इतर पेपर हे अनेक रिपोर्ट, अभ्यास एक. नोंदणी क्रमांक, देश, भरतीचा काळ आणि रुग्णसंख्या अशा चार रकान्यांचा तक्ता करा; तिन्ही-चारही जुळले की एका गठ्ठ्यात बांधा. हे आत्ता केलं नाही तर डेटा काढताना तेच रुग्ण दोनदा मोजले जातात.

पीडीएफसाठी आधी आपल्या ग्रंथालयात विचारा. सरकारी संस्थांना वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून २०२५ पासून सुमारे १३ हजार जर्नल खुली झाली आहेत. खासगी महाविद्यालय त्यात नसेल तर तिसऱ्या सरांच्या संस्थेतून मिळतं का बघा. मग मोफत प्रत शोधणारं अनपेवॉलचं ब्राउझर एक्स्टेन्शन, मग लेखकाला मेल. मेलमध्ये पेपरचं पूर्ण शीर्षक, डीओआय आणि 'फक्त रिव्ह्यूसाठी' एवढंच. लांबलचक ओळख कोणी वाचत नाही. दहा दिवसांनी एक आठवण, आणखी दहा दिवसांनी 'मिळाला नाही' या चौकटीत. तो 'नाकारला' मध्ये टाकू नका, आकृतीत त्याची जागा वेगळी आहे.

चिनी भाषेतले पेपर तुमच्या विषयात येणारच. बहुतेकांना इंग्रजी ॲबस्ट्रॅक्ट असतो. भाषेवरून पहिल्या फेरीत नाकारू नका. फुल टेक्स्टचा पद्धतीचा भाग यंत्राने भाषांतर करून यादृच्छिक आहे का एवढं ठरवता येतं.

पुढे गेलेल्या प्रत्येक पेपरचा डीओआय एकदा रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत तपासा. झोटेरोत पेपर ठेवले असतील तर मागे घेतलेल्यावर तो आपणहून लाल पट्टी दाखवतो. पण पट्टी पेपर मागे घेतल्यावर येते, म्हणून हस्तलिखित पाठवायच्या दिवशी परत एकदा.

---

नेरूळ_पीजी

स्कोपसची फाइल परत घेतली, आज १,०७४ आले. नव्या प्रोजेक्टमध्ये पबमेड-एम्बेस-सेंट्रल-स्कोपस क्रमाने टाकून डुप्लिकेट काढतोय. पाच प्रश्न छापून दोघांच्या टेबलावर लावलेत. जुने पायलटचे १०० वगळून रँड() ने नवे १०० काढू आणि शनिवारी फाटलेले इथे टाकू.

---

अंशछेद

जुने १०० मुख्य स्क्रीनिंगमधून वगळू नका, फक्त दुसऱ्या पायलटमधून वगळा. नव्या प्रश्नांनी ते दोघांनाही परत तपासावे लागतील. 'उपचार यशस्वी' नाही म्हणून दोघांनीही मिळून नाकारलेला एखादा त्या ८६ मध्ये बसला असेल.

---

नेरूळ_पीजी

बसलाय. दोन आहेत.